शाळेतील संगणक आणि महाजालावरील पाठ : मोहगाव परिसरातील शाळांसाठी एक तुलनात्मक विचार

नागपूर आणि छिंदवाडा या दोन शहरांच्या दरम्यान, सौंसर तालुक्यात मोहगाव वसले आहे. अर्धनारीश्वराच्या देवस्थानामुळे हे गाव भाविकांना परिचित आहे. सभोवतालचा शेतकरी संत्री व कापूस पिकवितो. घरात आणि बाजारात मराठी, तर शाळेत आणि कचेरीत प्रामुख्याने हिंदी, असा या भागाचा भाषिक व्यवहार आहे. सन २०२३ मध्ये पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि पांढुर्णा व सौंसर हे तालुके त्यात समाविष्ट झाले.

अशा परिसरातील शाळेत संगणक येतो, तेव्हा पालकांना आनंद होतो, उद्घाटनाचा नारळ फुटतो आणि यंत्रे टेबलावर मांडली जातात. खरा प्रश्न त्यानंतर उभा राहतो. या यंत्रांवर मुलांनी शिकावयाचे कशाच्या साहाय्याने? संगणकात कायमचे बसविलेले सॉफ्टवेअर घ्यावे, की इंटरनेटच्या महाजालावरून चालणारे? हा प्रश्न केवळ तंत्रज्ञांचा आहे असे समजून पुष्कळदा तो विक्रेत्यावर सोपविला जातो. वस्तुतः वीज, पैसा, भाषा आणि गरीब विद्यार्थ्याची सोय या सर्वांशी त्याचा निकटचा संबंध आहे. म्हणून शिक्षक, अधिकारी आणि ग्रामस्थ या तिघांनीही तो समजून घेणे अगत्याचे आहे.

विहीर आणि नळ

सॉफ्टवेअर म्हणजे संगणकाने काय करावे याची आज्ञावली. ती दोन ठिकाणी राहू शकते. पहिल्या प्रकारात ती शाळेच्या संगणकातच साठविलेली असते. एकदा ती बसविली, की तिला बाहेरच्या जोडणीची गरज उरत नाही. दुसऱ्या प्रकारात आज्ञावली आणि पाठ दूरवरच्या मोठ्या संगणकात असतात. अशा संगणकास सर्व्हर म्हणतात. शाळेतील संगणक केवळ ब्राउझर उघडतो व जोडणीद्वारे ते पाठ पडद्यावर मागवितो.

खेड्यातील वाचकास हा भेद विहीर आणि नळ यांच्या उदाहरणाने सहज उमगेल. विहीर आपल्या अंगणात असते. तिचा गाळ आपणच काढावयाचा, कठडा आपणच बांधावयाचा. परंतु पाणी केव्हाही शेंदता येते. नळाचे पाणी तोटी फिरविताच येते आणि टाकी धुण्याची काळजी आपणांस करावी लागत नाही. मात्र जलवाहिनी फुटली किंवा वर कोणी झडप बंद केली, तर हंडा रिकामाच राहतो. शहाणा गावकरी नळ आला म्हणून विहीर बुजवीत नाही. शाळेनेही हेच धोरण ठेवावे, असे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

थोडा पूर्वेतिहास

हा वाद आजचा नाही. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात १९६० साली ‘प्लेटो’ नावाची संगणकीय शिक्षणप्रणाली सुरू झाली. तीत पाठ एका मध्यवर्ती संगणकात असत आणि विद्यार्थी दुसरीकडील पडद्यासमोर बसून ते शिकत. आजच्या महाजालाधारित शिक्षणाचे हे पूर्वरूपच होय.

भारतात १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात उपग्रहाच्या साहाय्याने दूरदर्शनद्वारे शिक्षण देण्याचा ‘साइट’ हा प्रयोग झाला. मध्य प्रदेशासह सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत त्याचे संच बसविण्यात आले होते. कार्यक्रम आकाशातून येत असला, तरी गावातील संच चालू ठेवण्यासाठी दुरुस्तीची यंत्रणा जमिनीवरच उभी करावी लागली, हा त्या प्रयोगाचा बोध आजही उपयुक्त आहे.

पुढे १९८४-८५ मध्ये ‘क्लास’ या योजनेखाली देशातील निवडक शाळांना बीबीसी मायक्रो जातीचे संगणक मिळाले. त्यांतील आज्ञावली यंत्रातच किंवा चकतीवर असे. १५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात सर्वसामान्य नागरिकांना इंटरनेट सेवा खुली झाली आणि मध्यवर्ती संगणकातून पाठ मागविण्याची जुनी कल्पना नव्या रूपाने परतली. केंद्र शासनाचे ‘स्वयम्’ आणि ‘दीक्षा’ हे दोन्ही शिक्षणमंच २०१७ साली सुरू झाले. तात्पर्य, पाठ दूर ठेवावा की जवळ, हा प्रश्न प्रत्येक पिढीला नव्याने सोडवावा लागला आहे.

सन २०२० ने शिकविलेला धडा

मार्च २०२० मध्ये कोविडच्या साथीमुळे देशातील शाळा बंद झाल्या. मध्य प्रदेश शासनाने त्या वर्षी ‘डिजीलेप’ उपक्रमाद्वारे व्हॉट्सॲपच्या गटांवरून पाठ पाठविण्यास आरंभ केला आणि ६ जुलै २०२० पासून ‘हमारा घर हमारा विद्यालय’ ही मोहीम हाती घेतली. शिक्षकांनी परिश्रम घेतले, यात शंका नाही. परंतु पाठ पाठविणे आणि पाठ पोहोचणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे त्या वर्षी प्रकर्षाने जाणवले.

‘असर’ या ग्रामीण सर्वेक्षणाच्या २०२० च्या अहवालानुसार, देशात शाळेत नाव घातलेल्या ग्रामीण मुलांपैकी ६१.८ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. २०१८ साली हे प्रमाण ३६.५ टक्के होते. दोन वर्षांतील ही वाढ मोठी खरी. तथापि दर शंभर मुलांमागे सुमारे अडतीस मुलांच्या घरी तो नव्हताच. शिवाय सर्वेक्षणाच्या आधीच्या आठवड्यात शाळेकडून काही अध्ययनसाहित्य मिळालेल्या मुलांचे प्रमाण जेमतेम एक-तृतीयांशाच्या आसपास होते. घरी एकच फोन, तोही वडिलांबरोबर शेतावर किंवा कारखान्यात गेलेला, अशा घरातील मुलाला महाजालावरील उत्तमोत्तम पाठाचा काय उपयोग? साधनाची निवड करताना हे मूल डोळ्यांसमोर ठेवणे, ही पहिली कसोटी होय.

जोडणीचा हिशेब

दोन्ही प्रकारांतील खर्चाचा फरक साध्या गणिताने पाहता येतो. समजा, दहा मिनिटांचा एक चित्रफितीचा पाठ ४० मेगाबाइटांचा आहे. वर्गातील ४० मुलांनी तो आपापल्या पडद्यावर महाजालावरून पाहिला, तर एकूण १,६०० मेगाबाइट, म्हणजे सुमारे दीड गिगाबाइटांहून अधिक माहिती खेचावी लागेल. सर्वांनी तो एकाच वेळी पाहावयाचा, तर जोडणीचा वेग सेकंदाला सुमारे २१ मेगाबिट इतका अखंड मिळाला पाहिजे. तो मिळाला नाही, की पडद्यावर चक्र फिरत राहते आणि तासिका संपते.

हाच पाठ शिक्षकाने एकदा उतरवून शाळेच्या संगणकात ठेवला, तर केवळ ४० मेगाबाइट पुरतात. आणि पुढील वर्षीच्या तुकडीसाठी तेवढेही लागत नाहीत. ज्या गावी पावसाळ्यात मोबाईलच्या मनोऱ्याचा संकेत क्षीण होतो, तेथे हा फरक निर्णायक ठरतो.

विजेच्या बाबतीत मात्र दोन्ही प्रकार सारखेच परावलंबी आहेत. पडदा लावलेल्या मोठ्या संगणकापेक्षा लॅपटॉप व टॅबलेट कमी वीज घेतात आणि बॅटरीवर काही काळ चालतात. म्हणून खरेदीच्या वेळी सॉफ्टवेअरइतकाच यंत्राच्या जातीचाही विचार करावा.

देखभाल कोणी करावयाची?

संगणकात बसविलेल्या सॉफ्टवेअरची उणीव देखभालीत आहे. शाळेत दहा संगणक असतील, तर ते दहा ठिकाणी बसवावे लागते आणि सुधारित आवृत्ती आली की पुन्हा दहादा श्रम करावे लागतात. पेनड्राइव्हमधून विषाणू शिरतात. यंत्र बिघडले आणि प्रत काढून ठेवली नसेल, तर वर्षभराचे काम नाहीसे होते. शिवाय मूळ प्रणालीही जुनी होत जाते. विंडोज ७ चे सुरक्षासाहाय्य १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० चे सर्वसाधारण साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले. ज्या शाळेत अद्याप हीच यंत्रे आहेत, त्यांनी ती महाजालास जोडताना विशेष सावध राहावे. जोडणीविना केवळ पाठ दाखविण्यास मात्र अशी यंत्रे पुष्कळ काळ उपयोगी पडू शकतात.

महाजालावरील सॉफ्टवेअर एका ठिकाणी सुधारले, की सर्वांना नवी आवृत्ती मिळते. शिक्षकास काहीच बसवावे लागत नाही. हा मोठा लाभ आहे. परंतु ज्याच्या हाती झडप, त्याच्या हाती पाणी. वार्षिक वर्गणीवर घेतलेली सेवा वर्गणी थकताच बंद होते आणि त्याबरोबर शिक्षकाने तयार केलेल्या प्रश्नपत्रिकाही हातच्या जातात. म्हणून करार करतानाच, आपले पाठ व नोंदी शाळेला आपल्याजवळ उतरवून घेता येतील काय, हा प्रश्न लेखी विचारावा.

या संदर्भात ‘फ्लॅश’चे उदाहरण उद्बोधक आहे. एके काळी शैक्षणिक चलत्‌चित्रे आणि खेळ मोठ्या प्रमाणावर फ्लॅश या तंत्रात तयार होत. ॲडोबी कंपनीने ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅश प्लेअरचे साहाय्य थांबविले आणि १२ जानेवारी २०२१ पासून त्यातील मजकूर चालू देणेही बंद केले. त्या दिवसापासून ब्राउझरवर अवलंबून असलेले असंख्य पाठ मुके झाले. कपाटात सीडी असूनही, ती ब्राउझरमध्ये उघडणारी असेल तर निरुपयोगी ठरली. ज्यांत चालविणारी आज्ञावली पाठाबरोबरच बांधलेली होती, असे पाठ मात्र पुढेही चालू शकले. वस्तू आपल्याजवळ असणे पुरेसे नाही. ती उघडण्याची किल्लीही आपल्याजवळ असली पाहिजे, हा यातील बोध होय.

एकाच सॉफ्टवेअरची दोन रूपे

तुलनेसाठी ‘जिओजेब्रा’ या गणिताच्या सॉफ्टवेअरचे उदाहरण फार सोयीचे आहे. ऑस्ट्रियातील साल्झबुर्ग विद्यापीठात मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ साली त्याच्या निर्मितीस प्रारंभ केला. त्रिकोणाचा शिरोबिंदू सरकवावा आणि कोनांची बेरीज १८० अंशच राहते हे मुलाने स्वतः पाहावे, अशी त्याची रीत आहे. शैक्षणिक वापरासाठी ते विनामूल्य असून संगणकात बसविण्याजोगे आणि महाजालावरून चालणारे, अशा दोन्ही रूपांत मिळते.

संगणकातील रूप जोडणी नसतानाही चालते. मात्र मुलाने केलेली आकृती त्याच यंत्रात राहते, आणि ती तपासावयाची तर शिक्षकास प्रत्येक यंत्रापाशी जावे लागते. महाजालावरील रूपात शिक्षक आपल्या पडद्यावर सर्व मुलांचे काम एकत्र पाहू शकतो व कोण कोठे अडले हे त्यास तत्काळ कळते. ज्या शाळेत जोडणी चांगली आहे, तेथील शिक्षकास हा लाभ हवासा वाटेल. ज्या शाळेत ती बेभरवशाची आहे, तेथे पहिले रूपच तास पार पाडील. सॉफ्टवेअर एक असले, तरी शाळेच्या परिस्थितीनुसार त्याचे योग्य रूप बदलते.

भाषा आणि लिपी

मोहगावच्या मुलाची घरची भाषा मराठी, तर पाठ्यपुस्तक बहुधा हिंदीतील. दोन्हींची लिपी देवनागरीच असल्याने एक अडचण कमी होते. परंतु जुन्या टंकांमुळे दुसरी निर्माण होते. कृतिदेवसारख्या जुन्या टंकात तयार केलेली प्रश्नपत्रिका तो टंक नसलेल्या संगणकावर उघडली, तर अक्षरांऐवजी निरर्थक चिन्हे दिसतात. युनिकोडमध्ये टंकलेखन केल्यास तोच मजकूर कोणत्याही यंत्रावर, तसेच महाजालावरही वाचता येतो. यापुढील सर्व पाठ युनिकोडमध्येच लिहिण्याचा नियम शाळांनी करावा.

मराठीतून वाचू इच्छिणाऱ्या मुलांसाठी पुण्याच्या ‘बालभारती’ची पुस्तके महाजालावर उपलब्ध असून ती उतरवून पुढे जोडणीविना वाचता येतात. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या ‘स्पोकन ट्युटोरिअल’ उपक्रमाने संगणकविषयक पाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांत तयार केले आहेत आणि तेही साठवून ठेवून अभ्यासता येतात. मराठी विकिपीडियाचा आरंभ २००३ साली झाला. ‘किविक्स’ या विनामूल्य सॉफ्टवेअरच्या साहाय्याने विकिपीडियाची प्रत संगणकात ठेवून जोडणीविना चाळता येते. सीमेवरच्या गावातील मुलास आपल्या भाषेतील ग्रंथालय अशा रीतीने शाळेतच मिळू शकते.

मुलांची माहिती

महाजालावरील बहुतेक सेवा वापरण्यापूर्वी मुलाचे नाव, वय, फोन क्रमांक इत्यादी माहिती मागतात. ती माहिती गावाबाहेर जाते. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये अठरा वर्षांखालील व्यक्तीस बालक मानले असून, तिची माहिती वापरण्यापूर्वी पालकाची पडताळून पाहता येईल अशी संमती घेण्याचे तत्त्व घालून दिले आहे. पालकसभेत हा विषय समजावून सांगणे शिक्षकांचे कर्तव्य ठरते. संगणकात बसविलेल्या सॉफ्टवेअरमध्ये मुलांच्या नोंदी शाळेतच राहू शकतात. मात्र मग खोलीला कुलूप आणि यंत्राला सांकेतिक शब्द, ही जबाबदारी शाळेचीच असते.

मधला मार्ग

विहीर आणि नळ यांचा संगम साधणारा एक तिसरा प्रकारही प्रचारात आहे. शाळेतील एक संगणक सर्व्हर म्हणून ठेवावयाचा, त्यात सर्व पाठ साठवावयाचे आणि उर्वरित संगणक किंवा टॅबलेट शाळेच्या आतल्याच वाय-फायने त्याला जोडावयाचे. मुले ब्राउझर उघडूनच शिकतात. पण पाठ बाहेरून न येता शेजारच्या खोलीतून येतो. सॉफ्टवेअर एकाच यंत्रात सुधारावे लागते आणि बाहेरची जोडणी महिन्यातून एकदा मिळाली, तरी चालते.

अमेरिकेतील ‘लर्निंग इक्वॅलिटी’ या संस्थेचे ‘कोलिब्री’ हे विनामूल्य सॉफ्टवेअर याच तत्त्वावर चालते. जुन्या संगणकावर किंवा तळहाताएवढ्या रास्पबेरी पाय यंत्रावरही ते बसविता येते. भारतात टाटा समाजविज्ञान संस्थेने टाटा ट्रस्ट्स व अमेरिकेतील एमआयटी यांच्या सहकार्याने राबविलेल्या ‘क्लिक्स’ उपक्रमात राजस्थान, मिझोराम, छत्तीसगड आणि तेलंगणा या राज्यांतील शासकीय शाळांच्या संगणककक्षांत असेच पाठ ठेवण्यात आले होते. त्यांपैकी छत्तीसगड हे २००० सालापर्यंत मध्य प्रदेशाचाच भाग होते. जे तेथील शासकीय शाळांत करता आले, ते मोहगाव परिसरात अशक्य मानण्याचे कारण नाही. ‘दीक्षा’च्या मोबाईल ॲपमध्येही पाठ उतरवून नंतर जोडणीविना पाहण्याची सोय आहे. पाठ्यपुस्तकातील चौकोनी क्यूआर संकेत शाळेत टिपावा, पाठ उतरवावा आणि वर्गात दाखवावा, इतके तर प्रत्येक शिक्षकास करता येण्यासारखे आहे.

शाळांनी काय करावे?

वरील विवेचनावरून पुढील सूचना कराव्याशा वाटतात. प्रथम, कोणतीही खरेदी करण्यापूर्वी शाळेने एक आठवडा दररोज तीन वेळा जोडणीचा वेग मोजावा व वीज किती वेळ गेली याची नोंद ठेवावी. ही वही शाळा व्यवस्थापन समितीपुढे ठेवूनच निर्णय घ्यावा. दुसरे, विक्रेत्याने प्रात्यक्षिक दाखविताना इंटरनेटची तार काढून ठेवावी आणि मग काय काय चालते हे सर्वांसमक्ष पाहावे. ही परीक्षा पाच मिनिटांची आहे. पण पाच वर्षांचा पश्चात्ताप ती टाळू शकते.

तिसरे, रोजचा पाठ, सराव आणि वाचन यांची साधने शाळेतच साठविलेली असावीत. शिक्षकप्रशिक्षण, नोंदींची देवाणघेवाण, नवे पाठ मिळविणे आणि अन्य शाळांशी संपर्क यांसाठी महाजालाचा उपयोग करावा. चौथे, प्रत्येक महिन्याच्या अखेरीस पाठांची व नोंदींची प्रत वेगळ्या साठवणयंत्रात काढून ते दुसऱ्या ठिकाणी ठेवावे. पाचवे, एका शाळेने उतरवून घेतलेले विनामूल्य पाठ जनशिक्षकांच्या मार्फत शेजारच्या शाळांना द्यावेत. एकच चित्रफीत दहा शाळांनी दहादा उतरविण्याचे कारण नाही. अखेरीस, शाळा सुटल्यावर संगणककक्ष तासभर उघडा राहील, अशी व्यवस्था नगर परिषद किंवा ग्रामपंचायत आणि पालक यांनी मिळून करावी. ज्याच्या घरी फोन नाही, त्या मुलाला हा एक तास लाखमोलाचा आहे.

समारोप

महाजालावरील शिक्षणाने खेड्यातील मुलाला जगाचे दार उघडून दिले आहे, ही गोष्ट निर्विवाद आहे. त्या दाराकडे पाठ फिरविणे शहाणपणाचे नाही. परंतु दार वाऱ्याने बंद झाले म्हणून घरात अंधार होता कामा नये. शाळेच्या संगणकात साठविलेला पाठ हा घरातील दिवा आहे. तो तेवत ठेवण्यासाठी पैशापेक्षा नियमित देखभाल आणि थोडी दूरदृष्टी अधिक लागते.

संत्र्याच्या बागेला पाणी देताना येथील शेतकरी एकाच स्रोतावर विसंबून राहत नाही. विहिरीचे पाणी किती, पावसाचा भरवसा किती, याचा तो आधीच अंदाज घेतो. हीच व्यवहारबुद्धी शाळेच्या संगणककक्षात आणली, तर पुन्हा एखाद्या संकटात शाळेचे दार बंद करावे लागले, तरी मोहगावच्या मुलांचे शिकणे बंद पडणार नाही. शिक्षक, पालक आणि अधिकारी यांनी एकत्र बसून हा विचार येत्या शैक्षणिक वर्षाच्या आरंभीच करावा, हे सर्वांच्या हिताचे ठरेल.